म्युनिकपासून दूर: ब्लुमेनाउचा ऑक्टोबरफेस्ट कुठून आला?

ऑगस्ट १९८४ मध्ये ब्राझीलच्या दक्षिणेकडच्या सांता कातारिना राज्यात इताजाई नदीचं पाणी पंधरा मीटरच्या वर चढलं आणि ब्लुमेनाउ शहर बुडालं. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै १९८३ मध्ये, तिथे तेवढाच मोठा पूर येऊन गेला होता. त्यातून सावरत असलेले धंदे दुसऱ्या पुरात पुन्हा बसले. आणि ऑक्टोबरमध्ये त्याच शहरानं दहा दिवसांचा बिअरमहोत्सव भरवला. लाखभर लोक आले. शहरात पैसा यावा, लोकांना उभारी मिळावी, 'ब्लुमेनाउ संपलं नाही' हे बाहेरच्यांना कळावं, हा त्यामागचा हेतू होता. ऑक्टोबरफेस्ट हा मुळात जर्मनीतल्या म्युनिक शहराचा उत्सव; आज जर्मनीबाहेरच्या सगळ्यात मोठ्या ऑक्टोबरफेस्टमध्ये ब्लुमेनाउच्या महोत्सवाची गणना होते.

जर्मनीबाहेरचे ऑक्टोबरफेस्ट म्हणजे गाव सोडून आलेल्यांनी काढलेली गावाची आठवण, असं आपण सहज धरून चालतो. इतिहास पाहिला तर चित्र वेगळं दिसतं. प्रत्येक ठिकाणी हा उत्सव त्या त्या गावाच्या तेव्हाच्या गरजेतून उभा राहिला, आणि त्यानं अंगावर कपडे मात्र बव्हेरियाचे, म्हणजे म्युनिक ज्या प्रांतात आहे तिथले, चढवले. खुद्द म्युनिकचा पहिला सोहळासुद्धा अशाच एका गरजेतून झाला होता.

बव्हेरिया हे राजाचं राज्य बनलं ते १८०६ मध्ये, नेपोलियनच्या आशीर्वादानं. फ्रँकोनिया, श्वाबिया असे नवे प्रदेश त्यात जोडले गेले होते आणि तिथल्या लोकांना आपण 'बव्हेरियन' आहोत असं वाटण्याचं काही कारण नव्हतं. १२ ऑक्टोबर १८१० रोजी युवराज लुडविगचं झाक्सन-हिल्डबुर्गहाउझनच्या राजकन्या टेरेझशी लग्न झालं. सोहळ्याचा शेवट १७ ऑक्टोबरला शहराबाहेरच्या कुरणावर घोड्यांच्या शर्यतीनं झाला. राजघराण्याभोवती सगळ्या प्रजेनं एकत्र यावं, हा त्यातला उघड राजकीय हेतू होता. कुरणाला राजकन्येचं नाव मिळालं, टेरेझियनवीझ. म्युनिककर अजूनही उत्सवाला नुसतं 'वीझन' म्हणतात. पुढच्या वर्षी शर्यतीला शेतीचं प्रदर्शन जोडलं गेलं. बिअर होती, पण ती जत्रेत खाण्यापिण्याची सोय म्हणून. बिअर कंपन्यांचे भव्य तंबू आले ते १८९६ पासून. महापौरानं पिंपाला तोटी ठोकून उद्घाटन करायची प्रथा तर १९५० ची, थॉमस विमर महापौर असतानाची. ऑक्टोबरच्या थंडीला कंटाळून १८७२ पासून उत्सवाची सुरुवात सप्टेंबरात ओढली गेली, म्हणून आज नावात ऑक्टोबर आणि बहुतेक दिवस सप्टेंबरातले अशी स्थिती आहे.

पोशाखाचाही इतिहास सांगायला हवा, कारण परदेशातले ऑक्टोबरफेस्ट ओळखले जातात ते त्यावरूनच. डिर्न्डल हा आल्प्सच्या भागातल्या कामकरी बायकांचा साधा पेहराव. त्याला शहरी फॅशनमध्ये आणलं ते म्युनिकच्या युलिउस आणि मोरित्झ वालाख या ज्यू भावांनी. १९१० मध्ये उत्सवाच्या शताब्दीच्या मिरवणुकीचे पोशाख त्यांनी पुरवले होते. १९३८ मध्ये नाझी राजवटीनं त्यांचं दुकान हिसकावून घेतलं. जगभर 'अस्सल जर्मन' म्हणून मिरवल्या जाणाऱ्या पोशाखामागे हे एक कुटुंब आहे, आणि त्यांचं नाव या संदर्भात फार थोड्या ठिकाणी घेतलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

आता ब्लुमेनाउ. हेरमान ब्लुमेनाउ हा औषधशास्त्र शिकलेला, हार्त्स डोंगराच्या भागातला माणूस. २ सप्टेंबर १८५० रोजी त्याच्या वसाहतीचे पहिले सतरा जण इताजाईच्या काठी उतरले. हार्त्स म्हणजे उत्तर-मध्य जर्मनी. म्युनिकपासून ते पुष्कळ लांब. त्यानंतर या खोऱ्यात आलेल्यांतही पोमेरानियासारख्या उत्तरेकडच्या प्रांतांतले लोक मोठ्या संख्येनं होते. शेजारचं पोमेरोड हे गाव तर पोमेरानियाच्याच नावावर आहे. लेडरहोझन म्हणजे चामड्याची अर्धी विजार किंवा कमरेत घट्ट बसणारा डिर्न्डल या लोकांच्या घरात कधी नव्हता. त्यांचे उत्सव होते ते नेमबाजी मंडळांचे: वर्षाचा नेमबाज-राजा निवडायचा, त्याला वाजतगाजत घरून आणायचं, मग नाच आणि बिअर. या मंडळांची परंपरा तिथे आजही टिकून आहे.

या उत्सवांवर घाला पडला तो १९३० च्या दशकाच्या शेवटी. ब्राझीलचे तेव्हाचे अध्यक्ष झेतुलिओ व्हार्गास यांच्या राजवटीनं 'राष्ट्रीयीकरण' मोहीम काढली. जर्मन माध्यमाच्या शाळा बंद झाल्या. १९४२ मध्ये ब्राझील दोस्तांच्या बाजूनं युद्धात उतरल्यावर चारचौघांत जर्मन बोलणंही धोक्याचं झालं. त्या काळात वाढलेल्या पिढीनं भाषा दाराच्या आत ठेवली. सत्तरच्या दशकात वारं फिरलं, ते प्रेमापेक्षा पर्यटनामुळे. लाकडी चौकटींची जुनी जर्मन धाटणी दर्शनी भागाला देणाऱ्या इमारतींना नगरपालिकेनं करात सवलत दिली. मुख्य रस्त्यावर १९७८ मध्ये एका दुकानानं जी इमारत बांधली, ती हेसे प्रांतातल्या मिशेलश्टाट गावाच्या १४८४ च्या नगरभवनाची नक्कल. एक पिढी आधी जे लपवावं लागत होतं, तेच आता भिंतीवर रंगवून दाखवायचं होतं.

त्यामुळे १९८४ मध्ये पुरानंतर काहीतरी करायची वेळ आली तेव्हा जर्मन उत्सव हा पर्याय हाताशी होताच. त्याच राज्यातल्या इतापिरांगा या छोट्या गावानं १९७८ पासून ऑक्टोबरफेस्ट सुरू केला होता, म्हणजे ब्राझीलमध्ये पहिला मान त्यांचा. पण ब्लुमेनाउकडे उद्योग होते, प्रदर्शनाची मोठी दालनं होती, आणि पुरामुळे सगळ्या देशाचं लक्ष होतं. नेमबाजांची मिरवणूक, गावोगावचे वाद्यवृंद, शहराच्या मुख्य रस्त्यावरची चित्ररथांची रांग आणि म्युनिकचं नाव, असं सगळं एकत्र आलं. इथे मला परदेशातल्या आपल्या महाराष्ट्र मंडळांचा गणेशोत्सव आठवतो: कोणी कोकणातलं, कोणी विदर्भातलं, पण मिरवणुकीला ढोल-ताशा लागतो तो पुण्याच्या पथकाच्या थाटाचाच. दूर गेल्यावर सगळ्या प्रांतांच्या वतीनं एकच प्रांत बोलू लागतो. पोमेरानियन आजोबांच्या नातवानं लेडरहोझन घालणं मला म्हणूनच खोटं वाटत नाही.

नदी अर्थात तशीच आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये पूर आणि दरडींनी या खोऱ्यात शंभरावर बळी घेतले. ऑक्टोबर २०२३ मध्ये तर महोत्सव चालू असतानाच पाणी वाढलं. कार्यक्रम थांबवावा लागला आणि नंतर दिवस वाढवून तो पुरा करण्यात आला.

पिण्याचं काय? इथे थोडं मागे जावं लागेल, कारण जर्मन पद्धतीची बिअर उष्ण देशात नेणं हे उत्सव नेण्यापेक्षा कितीतरी अवघड होतं. बव्हेरियात १५१६ च्या फर्मानानं बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी एवढंच घालायची सक्ती केली. ते सगळ्यांना ठाऊक असतं. चवीवर त्याहून मोठा परिणाम केला तो १५५३ च्या हुकमानं. २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर आंबवायला बंदी आली, कारण उन्हाळ्यात ती नासायची. मग मार्चमध्ये जरा कडक बिअर करून थंड तळघरांत ठेवायची आणि शरद ऋतूपर्यंत पुरवायची, ही रीत पडली. मार्चची म्हणून ती मेर्झन. थंडीत सावकाश काम करणारं, तळाशी बसणारं यीस्ट या पद्धतीत टिकलं, आणि लागर बिअरचा पाया तिथे पक्का झाला. एकोणिसाव्या शतकात म्युनिकच्या श्पाटन कारखान्याचा गाब्रिएल झेडलमायर आणि व्हिएन्नाचा आन्टोन ड्रेहर यांनी इंग्लंडातले कारखाने पाहून माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भाजायच्या नव्या रीती आणल्या. त्यातून १८४१ मध्ये ड्रेहरची तांबूस लागर आली. १८७२ च्या ऑक्टोबरफेस्टमध्ये नेहमीची बिअर कमी पडली तेव्हा याच व्हिएन्ना वळणाची मेर्झन तंबूत आली आणि लोकांना ती इतकी आवडली की उत्सवाची बिअर म्हणून ती कायमची रुजली.

पण हे सगळं बर्फावर अवलंबून. ब्राझीलमध्ये बर्फ कुठला? तिथली सुरुवातीची बिअर उबेत, वरच्या थरात फसफसणाऱ्या यीस्टनं बनायची. बाटलीत आंबणं चालूच राहायचं आणि वायूच्या जोरानं बूच उडायचं. म्हणून बूच सुतळीनं बांधत आणि लोक त्या बिअरला 'सुतळी छाप' म्हणत. हे चित्र बदललं ते कार्ल फॉन लिंडे या अभियंत्याच्या शीतयंत्रामुळे. त्याच्या सुरुवातीच्या यंत्राचा प्रयोग १८७० च्या दशकात म्युनिकला, झेडलमायरच्याच श्पाटन कारखान्यात झाला. शीतयंत्र आलं आणि लागरला हवामानाचं बंधन उरलं नाही. रिओमध्ये १८८८ साली सुरू झालेल्या ब्राह्मासारख्या कंपन्या मोठ्या झाल्या त्या यानंतरच. माझ्या मते जर्मन बिअर जगभर पोचवण्याचं श्रेय एखाद्या उत्सवाला द्यायचंच असेल, तर त्याआधी ते या यंत्राला द्यावं.

तरीही ब्लुमेनाउच्या महोत्सवात बरीच वर्षं पिंपांत असायची ती देशभर मिळणारी, मका-तांदूळ मिसळलेली हलकी बिअर. लाकडी चौकटींच्या दालनात, जर्मन बँडच्या साथीनं. २००२ मध्ये शहरात आइझनबान हा छोटा कारखाना निघाला; १५१६ च्या नियमानं बिअर करायची, हे त्यांनी जाहीरपणे ठरवलं होतं. त्यानंतर खोऱ्यात एकामागून एक कारखाने उभे राहिले आणि महोत्सवात त्यांना जागा मिळू लागली. (आइझनबान पुढे मोठ्या कंपन्यांच्या हाती गेला; आज तो हाइनेकेनचा आहे.) उत्सवाचं निमित्त आधी आणि त्याला साजेशी बिअर अठरा वर्षांनी, असा हा उलटा प्रवास आहे.

अशीच गुंतागुंत कॅनडात. ऑन्टारिओमधल्या किचनर शहराचं नाव १९१६ पर्यंत बर्लिन होतं. पहिलं महायुद्ध पेटल्यावर, ऑगस्ट १९१४ मध्ये, तिथल्या बागेतला जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म पहिला याचा पुतळा तळ्यात फेकला गेला. पुढे मतदान होऊन शहराला ब्रिटिश सेनानीचं नाव दिलं गेलं. त्याच शहरात १९६७ मध्ये, कॅनडाच्या शताब्दीच्या वर्षी, कॉन्कॉर्डिया क्लबनं ऑक्टोबरफेस्ट केला, आणि १९६९ पासून तो सगळ्या शहराचा झाला. त्यात मला सर्वात विलक्षण वाटतं ते हे: तंबू चालवणाऱ्या क्लबांत डॅन्यूबकाठचे श्वाबियन आणि ट्रान्सिल्व्हेनियाचे जर्मन होते. हंगेरी, युगोस्लाव्हिया, रुमानियात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली, दुसऱ्या महायुद्धानंतर उखडली गेलेली ही माणसं. त्यांतल्या अनेकांचे पूर्वज जर्मनी सोडून गेले तेव्हा म्युनिकची पहिली शर्यतही झाली नव्हती. नव्या देशात स्वतःची ओळख एका वाक्यात सांगायला त्यांना हा उत्सव सापडला. ब्लुमेनाउ आणि किचनर, दोघंही स्वतःला म्युनिकनंतरचं सर्वात मोठं म्हणवतात.

चीनमधल्या छिंगदाओत जर्मन बिअर पोचली ती वसाहतवाल्यांबरोबर. १८९८ मध्ये जर्मनीनं ते बंदर ९९ वर्षांच्या पट्ट्यानं घेतलं, १९०३ मध्ये तिथे गेर्मानिया कारखाना सुरू झाला, आणि १९१४ मध्ये जपाननं शहर काबीज केलं. जर्मन गेले, कारखाना राहिला. १९९१ पासून तिथे भरणारा बिअरमहोत्सव उन्हाळ्यात असतो आणि तो उघडपणे छिंगदाओचाच आहे. म्युनिकचं नाव लावायची गरज त्यांना भासली नाही.

मेर्झनचं मात्र वेगळंच झालं. म्युनिकच्या तंबूंत १९९० पासून मिळते ती सोनेरी, अंगानं हलकी फेस्टबिअर. म्युनिकच्याच पाउलानर कारखान्यानं ती सत्तरच्या दशकात काढली, कारण लिटरच्या पेल्यानं प्यायला तांबूस मेर्झन जड पडायची. तंबूंत बिअर देण्याचा हक्कही म्युनिकमधल्या सहाच कारखान्यांना आहे. उलट अमेरिकेत सप्टेंबर आला की 'ऑक्टोबरफेस्ट' म्हणून जी बिअर दुकानांत लागते, ती बहुतेक तांबूस, भाजक्या माल्टच्या गोडसर चवीची, जुन्या मेर्झनच्या वळणाची. १८७२ नंतर तंबूत रुजलेल्या बिअरची चव ज्याला घ्यायची आहे, त्याला ती अटलांटिकच्या पलीकडे अधिक सहज मिळते.

महाराष्ट्रात हा उत्सव आला तो स्थलांतरितांशिवाय, मायक्रोब्रुअरींच्या, म्हणजे बिअर बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांच्या मार्गानं. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या डूलालीला बिअर घडवून देणारा ब्रूमास्टर, ऑलिव्हर शाउफ, जर्मन होता. देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी ती एक. आपल्याकडे अशा ठिकाणी जर्मन पद्धतीची म्हणून सर्वाधिक खपते ती गव्हाची बिअर. त्याला कारण आहे: ती थोड्या आठवड्यांत तयार होते, तर लागरला टाक्या जास्त काळ थंड ठेवून अडकवाव्या लागतात, आणि छोट्या जागेत टाक्या मोजक्याच. त्यामुळे सप्टेंबरअखेरीस पुण्या-मुंबईत ऑक्टोबरफेस्टच्या पाट्या लागल्या की खरी मेर्झन आहे का, हे मुद्दाम विचारावं. असली तर तिची तयारी त्यांनी पावसाळ्यातच केलेली असते. आणि तारीख पाहून जावं. म्युनिकचा उत्सव ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांपर्यंत चालतो, २ ऑक्टोबर त्यात नेहमीच येतो, आणि आपल्याकडे गांधी जयंतीला ड्राय डे असतो.