फोच्या वाडग्यावरची तर्री

आमच्या घराजवळच्या व्हिएतनामी खानावळीत पदार्थांची नावं कोणी घेत नाही. 'सतरा नंबर, मोठा' एवढंच म्हणायचं. त्यात शहाणपण आहे, कारण 'फो', म्हणजे तांदळाच्या शेवयांचा रस्सा, हा शब्द लिहितात तसा बोलत नाहीत. 'फ' लांबवून आवाज आधी खाली न्यायचा आणि मग वर उचलायचा, जणू 'हंऽ?' म्हणतोय. व्हिएतनामी भाषेत या सुराचं नावच मुळी 'विचारणे' असं आहे.

मी राहतो कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत. १९७५ साली दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन पडलं, त्यानंतर निर्वासित कुटुंबं इथे येत राहिली आणि आज व्हिएतनामबाहेरच्या कुठल्याही शहरापेक्षा इथे व्हिएतनामी माणसं जास्त आहेत. त्यांच्यानंतर संगणकवाले मराठी लोक आले. घरच्या आमटीची आठवण येते पण करायचा कंटाळा असतो, अशा संध्याकाळी त्यातले बरेचजण फोच्या रांगेत भेटतात.

मी कोंबडीचा फो घेतो. माझा मित्र मूळ गोमांसाचा घेतो, त्यात कच्च्या मांसाचे कागदासारखे काप असतात. त्यांच्यावर उकळता रस्सा पडला की मित्र चमचा पुसून घेईस्तोवर काप लालचे करडे होतात. मांसाची लाली मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाची. साधारण ६० अंशांच्या पुढे त्या प्रथिनाची घडी विस्कटते आणि रंग जातो. पण इतक्या झटपट? उष्णता आत शिरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २ मिलिमीटरच्या कापाऐवजी २ सेंटिमीटरचा तुकडा टाकला तर जाडी दहापट होते, वेळ मात्र शंभरपट लागतो. तोवर रस्सा निवून जाईल. म्हणून मांस थोडं गोठवून, घट्ट झाल्यावर पातळ कापतात.

तरीही वाडगा बराच वेळ गरम राहतो, हे मला सुरुवातीला कोडंच वाटायचं. एवढं रुंद तोंड, वर पंखा. मग वाडग्यात नीट पाहिलं आणि मिसळ आठवली. रश्शावर चरबीचे सोनेरी थेंब तरंगत असतात, म्हणजे आपली तर्रीच. गरम रस्सा निवतो तो मुख्यतः वाफेमुळे. एक ग्रॅम पाण्याची वाफ होते तेव्हा ती जवळजवळ ५४० कॅलरी उष्णता सोबत नेते, म्हणजे मागे उरलेल्या अर्धा लिटर रश्शाचं तापमान एका अंशाने उतरतं. तेलाचा पडदा जितकी जागा झाकतो तितकी वाफ कोंडते. शिवाय चक्रीफुलाचा गंध ज्या अ‍ॅनेथोलचा, ते पाण्यापेक्षा तेलात कितीतरी सहज विरघळतं. तर्री काढून टाकली की सुगंधही त्याबरोबर गेला. पुण्यात 'तर्री कमी' सांगणाऱ्यांनी आपला हिशोब करावा.

मसाला ओळखीचाच आहे. चक्रीफूल, दालचिनी, लवंग, धणे आणि आपल्या मसाला वेलचीची चुलत बहीण शोभेल अशी एक वेलची. गोड्या मसाल्यातून तीळ, खोबरं आणि दगडफूल वजा केलं तर पुष्कळ जवळ पोचतो. कांदा आणि आलं मात्र परतत नाहीत, थेट जाळावर काळं होईपर्यंत भाजतात. वांग्याच्या भरतासाठी आपण करतो तेच.

खरा खेळ हाडांचा आहे. फो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर व्हिएतनाममध्ये, हनोई आणि नाम दिन्ह भागात घडला. फ्रेंचांच्या राज्यात गोमांसाची मागणी वाढली, हाडं उरू लागली आणि ती पातेल्यात आली, असं मानतात. हाडांना चिकटलेल्या ऊतींमधलं कोलॅजेन म्हणजे तीन पदरी वळलेला दोर. तासन्‌तास गरम पाण्यात राहिला की त्याचे पीळ सुटतात आणि जिलेटिन बनतं. पाया सूप प्यायल्यावर ओठ चिकटतात ते यामुळेच. फोत तेच हवं असतं, पण रस्सा नितळ राहिला पाहिजे. म्हणून पातेलं खळखळू देत नाहीत, नुसते बुडबुडे येतील एवढाच जाळ. जोरात उकळलं तर चरबीचे अतिबारीक थेंब होतात, जिलेटिन त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही, आणि प्रकाश त्यांच्यावरून विखुरल्यामुळे रस्सा दुधासारखा पांढरा दिसतो. जपानचे लोक डुकराच्या हाडांचा रस्सा मुद्दाम असाच पांढरा करतात. हनोईत तो फसलेला समजतील.

शाकाहारी फो पातळ लागतो याचं कारण हेच, त्यात जिलेटिन नाही. चव मात्र अळंबी सांभाळून घेतात. १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळातून ग्लुटामेट नावाचं चवीचं द्रव्य वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. वाळलेल्या शिताके अळंबीत ग्वानिलेट नावाचं असंच दुसरं द्रव्य असतं. ग्लुटामेट आणि ते एकत्र आले की जिभेवर बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

मांसाहारी वाडग्यात हे ग्लुटामेट येतं नुओक माममधून, म्हणजे माशांच्या अर्कातून. साधारण तीन भाग मांदेलीएवढे छोटे अँचोव्ही मासे, एक भाग मीठ, लाकडी पिंप आणि जवळजवळ वर्षभराचा धीर. एवढ्या मिठात नासवणारे जंतू टिकत नाहीत, पण माशाच्या पोटातली पाचकद्रव्यं काम करत राहतात आणि मासा जणू स्वतःलाच पचवतो. बाटलीवर ३० किंवा ४० आकडा असतो, तो म्हणजे लिटरमागे किती ग्रॅम नायट्रोजन. जितका जास्त, तितकी प्रथिनं उतरलेली. वासाचं म्हणाल तर सुकट-बोंबलावर वाढलेल्याला नाक मुरडायचं कारण नाही.

सोबत मी गोई कुओन मागवतो. कोळंबी, पाला आणि शेवया तांदळाच्या पारदर्शक कागदात गुंडाळलेल्या. हा कागद म्हणजे सालपापडीच: पीठ पातळ पसरायचं, वाफवायचं, उन्हात वाळवायचं. हल्ली त्यात टॅपिओका, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचं पीठ, मिसळतात, त्याने ताण सहन होतो. सुकलेला कागद काचेसारखा कडक असतो, पाण्यात बुडवून काढला की क्षणात मऊ. पाण्याचे रेणू स्टार्चच्या साखळ्यांमध्ये घुसून त्यांना सरकायला जागा देतात. श्रावणात डबा उघडा राहिला की पापड सादळतो, तीच ही गोष्ट, मुद्दाम घडवून आणलेली.

कॉफीवर थोडक्यात: ती रोबस्टा जातीच्या बियांची, कॅफीन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट. खाली कंडेन्स्ड मिल्कचा थर. रात्री नऊनंतर मागवू नका, मी मागवली आहे.

फोसोबत एक ताट पाल्याचं येतं. त्यातल्या जांभळ्या देठाच्या पानांना बडीशेपेसारखा वास. एकदा उरलेली काडी घरी आणून पेल्यातल्या पाण्यात ठेवली. तिला मुळं फुटली, कुंडीत लावली, मंजिऱ्या आल्या. वाळल्यावर बिया चोळून काढल्या, बारीक काळ्या. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवल्या तर ती म्हणाली, "अरे, भिजव की!" दहा मिनिटांत प्रत्येक बीभोवती पारदर्शक जेलीचा गोळा. सब्जा. एकच जात, आपण बी खातो आणि ते पान. त्या रात्री फ्रीजमधलं दूध काढून फालुदा केला.