न्यायालयीन वार्तांकन आणि अब्रुनुकसानी

न्यायालयात चाललेल्या कामकाजाचा खरा वृत्तान्त छापला, तर त्यातील मजकुराने कोणाच्या नावाला बट्टा लागला तरी अब्रुनुकसानीचा गुन्हा होत नाही. पत्रकार याला ‘विशेषाधिकार’ म्हणतात. कायद्याच्या लेखी तो अपवाद आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मधला हा चौथा अपवाद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आला. गुन्हा शाबीत झाल्यास दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही. नव्या संहितेने समाजसेवेच्या शिक्षेचीही सोय केली आहे.

वृत्तान्त शब्दशः नसला तरी चालतो, पण मूलतः खरा हवा. साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात मागच्या बाकावर बसून बातमीदार ‘सरपंचाने पैसे खाल्ले, असे साक्षीदाराने सांगितले’ एवढे टिपून घेतो. रात्री पान लावताना जागा पुरत नाही, शेवटचे तीन शब्द उडतात आणि साक्षीदाराचा आरोप वर्तमानपत्राचा होऊन बसतो. मथळ्यात तर हे नेहमीचेच. सरतपासाला (साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूच्या प्रश्नोत्तरांना) अर्धा रकाना आणि विरुद्ध बाजूच्या उलटतपासाला एक ओळही नाही, हाही तसाच घोळ. दुपारनंतर साक्षीदार फितूर झालेला असतो आणि बातमीदार जेवायच्या सुट्टीतच निघून गेलेला असतो.

हे संरक्षण न्यायदालनातल्या कामकाजापुरतेच आहे. व्हरांड्यात वकिलाने सांगितलेली ‘आतली गोष्ट’ किंवा पोलिसांचे प्रसिद्धिपत्रक त्यात बसत नाही. तिथे वर्तमानपत्राला सत्य व लोकहित, सद्भावना अशा दुसऱ्या अपवादांचा आधार शोधावा लागतो. न्यायाधीशांनी सुनावणीत तोंडी काढलेले उद्गार मात्र छापता येतात. ते रोखण्याची निवडणूक आयोगाची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मान्य केली नाही.

बाहेरून हाती आलेल्या कागदावर विसंबण्याची किंमत कराडजवळच्या टेंभू गावी जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी मोजली. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी छापलेली पत्रे बनावट निघाली. १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली; पैकी १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. हेतू चांगला होता, याबद्दल आज कोणी शंका घेत नाही. तेव्हा त्याचा उपयोग झाला नाही.

न्यायालय उघडे असले तरी सगळेच छापता येते असे नाही. बलात्कारपीडितेची किंवा लैंगिक अत्याचार झालेल्या बालकाची ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. खेड्यात नाव वगळून गाव, शाळा आणि वडिलांचा धंदा छापला तरी ओळख पटते. एखाद्या साक्षीचे वृत्त छापण्यास न्यायालय मनाई करू शकते, असे नरेश मिरजकर खटल्यात १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने ठरवले. त्याच न्यायालयाच्या २०१२ च्या सहारा (उद्योगसमूहाच्या) निकालाने प्रसिद्धी तात्पुरती लांबवण्याचे आदेशही मान्य केले, पण मोजक्याच परिस्थितीत.

फौजदारी फिर्यादीखेरीज भरपाईचा दिवाणी दावाही लावता येतो. त्याची मुदत प्रसिद्धीपासून एक वर्ष. इथे एक गोष्ट खटकते. आरोपीविरुद्धची साक्ष पहिल्या पानावर छापणाऱ्या पत्राने त्याच्या निर्दोष मुक्ततेचीही बातमी द्यावी, असे बंधन या अपवादात नाही.