सकाळचं दुखणं, दुपारची तपासणी

बडोद्याला मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (सरकारी औद्योगिक वसाहतीत) माझ्या भाच्याचं छोटं युनिट आहे. पावसाळ्यात सुट्टीनंतरच्या सकाळी तिथली 20 हॉर्सपॉवरची मोटर चालू केली, की ड्राइव्ह (मोटरला वीज पुरवून तिचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) ट्रिप होई, म्हणजे आपोआप बंद पडे, आणि पडद्यावर ‘ग्राउंड फॉल्ट’ (वीज जमिनीत गळतेय) झळके. अकराच्या सुमाराला तीच मोटर निमूट चाले. वाइंडरकडे मोटरचं एकदा रिवाइंडिंगही (तारेचे वेढे नव्याने घालणं) करून झालं, फरक शून्य. मग संशय ड्राइव्हवर. दांडिया बाजारात आमच्या घरी येऊन तो कुरकुरत होता, ‘‘मामा, जुन्या स्टार-डेल्टा स्टार्टरवर होती तेव्हा एकदाही तक्रार नव्हती!’’

तक्रार नव्हती हे खरं, पण दोष नव्हता असं नाही. धडधाकट मोटरच्या तिन्ही फेजमधल्या प्रवाहांची बेरीज कोणत्याही क्षणी शून्य असते. जुन्या स्टार्टरचा थर्मल रिले ही बेरीज पाहतच नाही. त्याला फक्त तापणं कळतं. दोन-तीन अँपिअर जमिनीत गेले तरी तो ढिम्म. ड्राइव्ह मात्र बेरीज सतत तपासतो आणि शून्य चुकलं की थांबतो. नवा चौकीदार आल्यावर चोऱ्या सापडू लागल्या, एवढंच.

अर्थात ड्राइव्हचा जाचही असतो. 415 व्होल्टच्या एसीपासून तो आधी सुमारे 590 व्होल्ट डीसी बनवतो आणि सेकंदाला हजारो वेळा तोडून मोटरला देतो. केबल लांब असेल तर हे झटके मोटरच्या टोकावरून परततात आणि तिथलं व्होल्टेज जवळपास दुप्पट होऊ शकतं. वाइंडिंगचे पहिले वेढे त्यानेच आधी जळतात. शिवाय लांब केबल स्वतःच कपॅसिटरसारखी वागते, म्हणून कधीकधी दोष नसतानाही ट्रिप येतो. तेव्हा कॅरियर फ्रिक्वेन्सी (तोडण्याचा वेग) कमी करतात किंवा आउटपुट चोक (झटके सौम्य करणारी तारेची गुंडाळी) बसवतात.

तपासणीत नेहमीची चूक मल्टिमीटरची. तो काही व्होल्टवर रोध मोजतो. कमकुवत इन्सुलेशन तेवढ्याला दाद देत नाही. त्यासाठी 500 व्होल्टचा मेगर (मोठ्या व्होल्टेजने इन्सुलेशनचा रोध मोजणारं मीटर; आकडा मोठा तेवढं इन्सुलेशन चांगलं) हवा. पण आधी सप्लाय बंद करायचा, कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबायचं, डीसी उतरल्याची मीटरने खात्री करायची आणि केबल ड्राइव्हपासून सोडवायची. जोडलेल्या ड्राइव्हवर मेगर फिरवला तर आतले ट्रान्झिस्टर जातात, आणि ते स्वस्त नसतात. केबल सोडवूनही ड्राइव्ह ग्राउंड फॉल्टच दाखवत असेल, तर दोष त्याच्याच पोटात.

भाच्याला मी एकच सांगितलं: माप सकाळी घे. वाइंडरने मोटर कोरड्या दुकानात तपासली होती, इलेक्ट्रिशियन दुपारी येत असे. सोमवारी आठ वाजता केबल आणि मोटर मिळून मेगर शून्यावर. मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये (तारा जोडायच्या पेटीत) दोन्ही वेगळे केले. मोटर शंभर मेगोहमच्या वर, केबल शून्य.

केबल जमिनीतल्या चरातून जात होती आणि पाइपच्या तोंडाशी खरचटली होती. चरातलं पाणी उपसणारा पंप सुट्टीच्या दिवशी बंद असे आणि चर तुडुंब भरे. सकाळी पंप लागला की अकरापर्यंत चर रिकामा. मोटर ‘गरम झाल्यावर सुधारते’ असं सगळे त्यालाच म्हणत होते. केबल बदलली. वाइंडरचं बिल मात्र आधीच भरून झालं होतं.