कोळंबीचा वाटा आणि त्यामागचे पाणी

मुंबईच्या किंवा पुण्याच्या मासळी बाजारात एकाच फळीवर मांडलेल्या कोळंबीच्या दोन वाट्यांपैकी एक कोकणच्या समुद्रातून आलेला असू शकतो, तर दुसरा आंध्र प्रदेशातील एखाद्या तळ्यात चार महिने वाढून बर्फातून इथवर पोहोचलेला असतो. यांपैकी चांगला कोणता, हे नुसत्या गावावरून ठरत नाही. त्यासाठी कोळंबी वाढते कशी आणि मेल्यावर तिच्या शरीरात काय घडते, हे ठाऊक असावे लागते.

आपल्या किनाऱ्यावरच्या मोठ्या कोळंब्यांपैकी बहुतेक जाती समुद्रात अंडी सोडतात, आणि टायगरसारख्या जातीची एक मादी एका वेळी लाखो अंडी देते. अंड्यातून निघालेली अळी वारंवार कात टाकून रूप बदलते आणि साधारण दोन आठवड्यांत कोळंबीसारखी दिसू लागते. मग ही इवलीशी पिल्ले भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत शिरतात, तिवरांच्या मुळांशी आसरा घेऊन वाढतात आणि पुढे समुद्राकडे परततात. त्यामुळे खाडीत भराव पडला किंवा कांदळवन तोडले गेले, तर त्याची झळ दूर समुद्रात जाळे टाकणाऱ्या कोळ्यालाही बसते.

समुद्रातली बरीचशी कोळंबी ट्रॉलरच्या जाळ्यात येते. हे जाळे तळावरून ओढले जाते आणि कोळंबी निसटू नये म्हणून ते बारीक आसाचे, म्हणजे बारीक छिद्रांचे, असते, त्यामुळे तिच्याबरोबर इतर माशांची पिल्लेही मोठ्या प्रमाणात वर येतात. वसई, सातपाटीकडे वापरली जाणारी डोल ही जाळी मात्र एका जागी बांधलेली असते आणि भरती-ओहोटीच्या ओढीने भरते. तिच्यातही लहान मासळी सापडतेच, पण ती तळ खरवडत नाही आणि तिला ओढण्यासाठी इंजिन जाळावे लागत नाही. डोलीत येणारा जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, अल्पायुषी आहे आणि भराभर वाढतो. त्याला बाजारात मिळणारा मान त्याच्या योग्यतेपेक्षा फारच कमी आहे, असे मला मनापासून वाटते.

तळ्यातील कोळंबीची हकिकत वेगळी आहे. १९९० नंतरच्या काही वर्षांत पूर्व किनाऱ्यावर टायगर कोळंबीची तळी झपाट्याने वाढली, पण १९९४–९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणुजन्य रोगाने ती ओस पाडली. शेतजमिनी आणि विहिरी खारट होत असल्याच्या तक्रारीही वाढल्या होत्या, आणि डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किनारपट्टीच्या नियंत्रित क्षेत्रातील अशा तळ्यांना मनाई केली. त्यानंतर २००५ च्या कायद्याने या व्यवसायासाठी स्वतंत्र प्राधिकरण आले, आणि २००९ मध्ये मेक्सिको ते पेरू या किनाऱ्यावरच्या व्हन्नामेई जातीला परवानगी मिळाली. विशिष्ट रोगांपासून मुक्त असलेले पैदाशीचे नर-माद्या परदेशातून येतात, चेन्नईत विलगीकरणात ठेवले जातात आणि मग हॅचरीत त्यांच्यापासून बीज तयार होते. मचूळ पाण्याच्या तळ्यात साधारण १०० ते १२० दिवसांत पीक निघते. आज भारतातून निर्यात होणाऱ्या कोळंबीत हीच फिकट, पातळ कवचाची जात सर्वाधिक आहे.

तळ्याची म्हणून या कोळंबीला नाक मुरडण्याचे कारण नाही. विचारण्यासारखा प्रश्न औषधांचा आहे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांसारख्या प्रतिजैविकांवर बंदी आहे, परंतु त्यांचा अंश डोळ्यांना किंवा नाकाला कळत नाही; तो प्रयोगशाळेतच सापडतो. म्हणून ही कोळंबी उत्पादकाचे नाव आणि परवाना क्रमांक असलेल्या पाकिटातून घेणे अधिक सुरक्षित.

ताजेपणा मात्र हाताने आणि नाकाने कळतो. कोळंबीच्या डोक्यात पचनरस तयार करणारी ग्रंथी असते. जीव गेल्यावर तेच रस आसपासचे मांस पचवू लागतात आणि डोक्यालगतचा भाग मऊ पडतो. म्हणून डोके घट्ट चिकटलेले आहे का, हे आधी पाहावे. ते सैल होऊन लोंबत असेल, तर कोळंबी बराच काळ बर्फाविना राहिली असावी. कवचावरचे काळे डाग विकरांच्या क्रियेमुळे, कापलेले सफरचंद काळे पडावे तसे येतात. थोडे डाग म्हणजे विष नव्हे, पण वेळ गेल्याची ती खूण आहे. अमोनियाचा उग्र वास आला, तर तो वाटा कितीही स्वस्त असला तरी सोडून द्यावा.

भाव करताना हेही लक्षात असावे की डोके आणि कवच काढल्यावर किलोभर कोळंबीतून जेमतेम अर्धा किलो मांस हाती येते. सोललेल्या कोळंबीचा चढा भाव त्यामुळे नेहमीच महाग ठरत नाही. गोठवलेल्या पाकिटावर मात्र बर्फाच्या थराशिवायचे निव्वळ वजन वाचावे आणि घटकांत फॉस्फेट आहे का तेही पाहावे, कारण फॉस्फेटच्या द्रावणात भिजवलेली कोळंबी पाणी धरून ठेवते आणि त्या पाण्याचे पैसे आपण देतो. पाकिटात बर्फाचा भुगा साठून कोळंब्यांचा एकच गठ्ठा झाला असेल, तर ती मधे वितळून पुन्हा गोठली असण्याची शक्यता मोठी आहे.

जून-जुलैत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत मोठी कोळंबी दिसली, तर ती खाडीची, तळ्याची, शीतगृहातली की पूर्व किनाऱ्याची, हे जरूर विचारावे; तिकडची बंदी १४ जूनला संपते. कोकणातील घरांनी या दिवसांसाठी सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, आणि सुका जवळा कधीपासूनच राखून ठेवलेले असतात. सोडे घेताना ते कोरडे आणि कडक असावेत, हाताला ओलसर लागू नयेत आणि त्यांना कुबट वास नसावा. ज्यांना कोळंबीची ॲलर्जी आहे, त्यांनी मात्र सोडेही टाळावेत, कारण ती घडवून आणणारे ट्रोपोमायोसिन हे प्रथिन उन्हात वाळवल्याने किंवा शिजवल्याने नाहीसे होत नाही.