मायदेशी परतणं धोक्याचं असेल तर: सांगली-साताऱ्यातल्या परदेशी नागरिकांनी मुक्कामाची मुदत कशी वाढवून घ्यायची

सिंधमधून नातेवाइकांकडे आलेलं हिंदू कुटुंब असो, की शिक्षण चालू असताना काबूलमधलं सरकार उलथलं म्हणून अडकलेला अफगाण विद्यार्थी असो, दोघांपुढचा प्रश्न एकच असतो. व्हिसाची तारीख जवळ आली आहे आणि परत जाण्यात जिवाला धोका आहे. ही माहिती अशा माणसांसाठी आहेच, पण त्याहून जास्त ती सांगली, मिरज, कराड, साताऱ्यातल्या त्यांच्या घरमालकांसाठी, सासरच्या मंडळींसाठी आणि कॉलेजच्या कार्यालयासाठी आहे. अर्ज परदेशी नागरिकाचा असला तरी त्यातली निम्मी कागदपत्रं आपण द्यायची असतात, आणि घोडं अडतं ते तिथेच.

आधी कायद्याची बाजू. निर्वासितांसंबंधीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही. सगळा कारभार परकीय नागरिकांच्या कायद्याखाली चालतो. १ सप्टेंबर २०२५ पासून त्यासाठी ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५’ लागू आहे. १९४६ चा परकीय नागरिक कायदा आणि १९३९ चा नोंदणी कायदा त्याने रद्द झाले. त्यामुळे ‘आश्रय दिला’ असा कायमचा शिक्का इथे कुणाच्या कागदावर बसत नाही. मिळते ती ठरावीक मुदतीची परवानगी. ती संपण्याआधी वाढवून घ्यायची, आणि पुढच्या वेळी पुन्हा वाढवून घ्यायची. साखळीतली एक जरी कडी निसटली तरी माणूस कायद्याच्या नजरेत बेकायदा ठरतो, मग त्याची भीती कितीही खरी असो.

न्यायालयांनी काय म्हटलं आहे तेही ठाऊक असावं. जगण्याचा हक्क देणारा घटनेचा अनुच्छेद २१ नागरिक नसलेल्यांनाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात स्पष्ट केलं. मात्र २०२१ मध्ये म्यानमारमधून आलेल्या रोहिंग्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं की देशाबाहेर न काढलं जाण्याचा हक्क भारतात वास्तव्य करण्याच्या हक्काशी जोडलेला आहे, आणि तो फक्त नागरिकांना आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या की कागद का सांभाळायचे ते कळतं.

कोणाला कोणता मार्ग

पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन लोकांसाठी दीर्घ मुदतीचा व्हिसा आहे. सगळे त्याला एलटीव्हीच म्हणतात. भारतीयाशी लग्न करून इथे नांदणाऱ्या पाकिस्तानी व बांगलादेशी स्त्रियाही याच व्हिसाला पात्र आहेत. मूळच्या भारतीय, पण लग्नामुळे तिकडचं नागरिकत्व घेतलेल्या आणि वैधव्य किंवा घटस्फोटानंतर आधार नसल्याने माहेरी परतलेल्या स्त्रियांनाही तो मागता येतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले तेव्हा एलटीव्हीधारकांना वगळण्यात आलं होतं. योग्य प्रकारचा व्हिसा वेळेत घेऊन ठेवण्याचं महत्त्व त्या आठवड्यात अनेक घरांना कळलं.

या गटांत न बसणाऱ्यांसाठी गृह मंत्रालयाची २९ डिसेंबर २०११ ची कार्यपद्धती आहे. २०१९ मध्ये तीत सुधारणा झाली. वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, वांशिक ओळख, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणाने छळ होईल अशी सकारण भीती असेल, आणि ती प्रथमदर्शनी पटली, तर परकीय नागरिक नोंदणी अधिकारी तीस दिवसांच्या आत एलटीव्हीसाठी मंत्रालयाकडे शिफारस करू शकतो. सुरक्षा पडताळणीनंतर निर्णय मंत्रालयाचा. ‘तिकडे रोजगार नाही’ हे कारण इथे चालत नाही. अर्जात गरिबीचं वर्णन पानभर आणि धोक्याचं वर्णन दोन ओळींत असेल, तर खरा धोका असूनही अर्ज कमकुवत होतो.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचं दिल्लीतून मिळणारं कार्ड जवळ असेल तर ते जरूर जोडा. पण ते व्हिसाची जागा घेत नाही. कार्ड आहे म्हणून मुदतवाढीचा अर्जच केला नाही, असं अजिबात होऊ देऊ नका.

हिवाळ्यात आपल्याकडे स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांची व्यवस्था वेगळी आहे. त्यांच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र असतं, ते त्याला आरसी म्हणतात. मोसमात गाळा भाड्याने देणाऱ्यांनी आरसीची मुदत पाहून घ्यावी आणि मुक्कामाची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना व्हिसाच लागत नाही, त्यामुळे हा खटाटोप त्यांच्यासाठी नाही.

अर्ज कुठे आणि कधी

अर्ज ऑनलाइन, परकीय नागरिकांच्या नोंदणीसाठीच्या ई-एफआरआरओ या सरकारी पोर्टलवर. पत्ता: इंडियनएफआरआरओ डॉट जीओव्ही डॉट इन. तिथे ईमेल आणि मोबाईलवर खातं उघडायचं, नोंदणी, व्हिसा मुदतवाढ, व्हिसाचा प्रकार बदलणे, पत्त्यातला बदल यांपैकी हवी ती सेवा निवडायची, कागद चढवायचे आणि शुल्क लागू असेल तर तेही ऑनलाइन भरायचं. खातं अर्जदाराच्या स्वतःच्या ईमेलवर असू द्या. सायबर कॅफेवाल्याच्या ईमेलवर उघडलेल्या खात्यात शंका विचारणारा मेल येतो, तो कुणी वाचत नाही आणि अर्ज तसाच बंद होतो.

जिल्ह्यात परकीय नागरिक नोंदणी अधिकारी म्हणजे पोलीस अधीक्षक. प्रत्यक्ष काम त्यांच्या कार्यालयातली जिल्हा विशेष शाखा बघते, म्हणजे आपण डीएसबी म्हणतो ती. मुलाखतीला किंवा मूळ कागद दाखवायला बोलावलं तर तिथेच जायचं. सहा महिन्यांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या बहुतेकांना आल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी करावी लागते. पाकिस्तानी नागरिकांना चोवीस तासांतच. मूळ नोंदणीच झालेली नसेल तर मुदतवाढीच्या वेळी पहिला प्रश्न तोच येणार.

मुदत संपायच्या दोन महिने आधी कागद गोळा करायला लागा, असं मी प्रत्येकाला सांगते. पोर्टलवर अर्ज भरायला एक दुपार पुरते. वेळ जातो तो कागद जमवण्यात.

कागदपत्रं, आणि ती का अडतात

पासपोर्ट, चालू व्हिसा, आधीची नोंदणी किंवा निवासी परवाना, फोटो, राहत्या पत्त्याचा पुरावा. विद्यार्थी असेल तर बोनाफाईड. एलटीव्हीसाठी याशिवाय भारतीय हमीदाराचं बंधपत्र, इथे राहण्यामागचं कारण सांगणारं प्रतिज्ञापत्र आणि कोणत्या समाजाचे आहात याचा पुरावा. उर्दू, दरी, बंगालीतल्या कागदांसोबत नोटरी केलेलं इंग्रजी भाषांतर द्या.

पत्त्याचा पुरावा हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा अडथळा. भाडेकरार तोंडी असतो, किंवा असला तरी नोंदवलेला नसतो. खरं तर महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने लेखी आणि नोंदणीकृत करार बंधनकारक केला आहे आणि तो करून देण्याची जबाबदारी मालकाची आहे. दुसरी अडचण लाइट बिलाची. घर मुलाच्या ताब्यात आणि बिल अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर, हे सांगलीच्या गावभागात काय आणि साताऱ्याच्या पेठांत काय, घरोघरी दिसतं. करारावर एक नाव आणि बिलावर दुसरं, म्हणून शंका निघते. अशा वेळी चालू घरपट्टीची पावती, वारसाची नोंद आणि मालकाचं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच जोडून द्या. शंका येईपर्यंत थांबू नका.

परदेशी भाडेकरू राहायला आला की चोवीस तासांत त्याची माहिती फॉर्म तीनमधून (पूर्वीचा फॉर्म सी) ऑनलाइन कळवणं हे मालकाचं काम आहे. पाहुणा फुकट राहत असला, नातेवाईक असला, तरीही. अनेकांना वाटतं हे फक्त लॉजवाल्यांसाठी आहे. तसं नाही. मालकाने पोर्टलवर एकदा स्वतःची आणि घराची नोंद केली की पुढचं सोपं आहे. कॉलेजांवरही परदेशी विद्यार्थ्यांची माहिती कळवण्याचं बंधन आहे. कराडचं वैद्यकीय शिक्षण, सांगलीची अभियांत्रिकी, पाचगणीच्या निवासी शाळा, कुठेही बाहेरच्या देशाचं मूल असेल तर तिथल्या लिपिकाने केलेली नोंद त्या मुलाच्या मुदतवाढीचा आधार असते. दुसऱ्या महायुद्धात बेघर झालेले सुमारे पाच हजार पोलिश लोक १९४३ ते १९४८ या काळात आपल्या शेजारी, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला राहिले, त्यांची काही मुलं पाचगणीला होती. परक्या मुलखातल्या माणसाला सांभाळणं या भागाला नवं नाही. आता त्या सांभाळण्यात फॉर्म भरणंही आलं.

संपलेला पासपोर्ट हा तिसरा पेच. ज्या सरकारची भीती वाटते त्याच्याच दूतावासाच्या दारात नूतनीकरणासाठी जायचं कसं? अफगाणांपुढे तर दिल्लीतल्या दूतावासाने नोव्हेंबर २०२३ मध्ये काम थांबवल्याचं जाहीर केलं तेव्हा आणखी अडचणी उभ्या राहिल्या. पासपोर्ट संपला म्हणून अर्ज थांबवू नका. जुन्या पासपोर्टची प्रत, नूतनीकरणासाठी केलेल्या प्रयत्नांचे मेल आणि पावत्या, आणि जाता का येत नाही ते तारखांसह सांगणारं पत्र जोडा. पडताळणीला आलेल्या अधिकाऱ्यालाही तीच हकिकत त्याच क्रमाने सांगा. पत्रात एक आणि तोंडी दुसरं असेल तर संशय वाढतो.

हमीदाराने बंधपत्रावर सही करण्यापूर्वी ते नीट वाचावं. माणूस शब्दाखातर सही करतो, आणि पुढे पोलीस घरी आले की घाबरून ‘मला काही माहीत नाही’ म्हणतो. त्या एका वाक्याने कुटुंबाचा अर्ज धोक्यात येतो. जबाबदारी झेपत नसेल तर सुरुवातीलाच नाही म्हणणं जास्त बरं.

तारीख उलटून गेली असेल तर

मुदतीपेक्षा जास्त राहणं हा नव्या कायद्याखाली गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खोट्या कागदांसाठी शिक्षा याहून कडक, दोन ते सात वर्षं. ‘आधार काढून देतो, मग व्हिसाची गरज नाही’ म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. आधार नागरिकत्वाचा पुरावा नाही, आणि परदेशी रहिवाशाच्या आधारची मुदत त्याच्या व्हिसाशी बांधलेली असते. उशीर झालाच असेल तर स्वतःहून पोर्टलवर अर्ज करा, उशिराचं कारण आणि पुरावा द्या. आजारपण असेल तर मिरजेच्या दवाखान्याचे कागदही चालतील. पोलिसांनी शोधून काढणं आणि आपण पुढे होऊन सांगणं यात मोठा फरक आहे.

१ सप्टेंबर २०२५ च्या सवलत आदेशाबद्दल खूप गैरसमज आहेत. धार्मिक छळामुळे ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत भारतात आलेल्या, वर सांगितलेल्या तीन देशांतल्या सहा समाजांच्या लोकांना पासपोर्ट-व्हिसाच्या अटींतून त्या आदेशाने सूट दिली आहे. त्याने नागरिकत्व मिळत नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यासाठी भारतात आल्याची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०१४ हीच आहे.

मुदत चुकण्याचा फटका पुढच्या पिढीलाही बसू शकतो. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेल्या मुलाचा एक पालक भारतीय असेल, तर दुसरा पालक त्या वेळी बेकायदा स्थलांतरित नसणं आवश्यक आहे, तरच मूल जन्माने नागरिक ठरतं. व्हिसा संपल्यावर राहिलेली व्यक्ती कायद्याच्या व्याख्येत बेकायदा स्थलांतरित असते. सून गरोदर असेल तर सोनोग्राफीच्या तारखेइतकीच तिच्या व्हिसाची तारीख घरात सगळ्यांना पाठ हवी.

मुदतवाढ मिळाल्यावर

त्या तीन देशांतल्या अल्पसंख्याक एलटीव्हीधारकांना २०१६ च्या निर्णयाने बँक खातं, पॅन, वाहन परवाना, राहण्यापुरतं घर आणि धंद्यापुरती जागा घेण्याची मुभा आहे. राज्यात फिरायलाही मोकळीक आहे. घर बदललं, अगदी विश्रामबागेतून कुपवाडला गेलं, तरी पोर्टलवर पत्ता बदलून घ्या. मंजुरीच्या मेलची छापील प्रत, प्रत्येक पोचपावती आणि अर्ज क्रमांक एका फाइलमध्ये ठेवा. अर्ज वेळेत केला होता हे सिद्ध करायला दुसरं काही नसतं.

नकार आला तर कारण लेखी मागा आणि गृह मंत्रालयाच्या परकीय नागरिक विभागाकडे निवेदन पाठवा. देश सोडण्याची नोटीस हातात पडली तर मात्र वकील गाठायला एक दिवसही दवडू नका. सांगली आणि सातारा जिल्ह्यांची प्रकरणं १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचपुढे चालतात, त्यामुळे मुंबईची वारी करावी लागत नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रिया, मुलं आणि कोठडीत असलेल्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.