जुन्या थिएटरच्या फोटोंमागचा इतिहास

रिगल, इरॉस, मेट्रो, लिबर्टी यांचे जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो हल्ली सगळीकडे फिरत असतात आणि ते बघून मुंबईकर हळवा होतोच. पण ही थिएटरं अशी का दिसायची, आणि काहींचे ढीगभर फोटो मिळतात तर काहींचा एकही धड मिळत नाही असं का, हे माहीत असलं की तोच फोटो वेगळा दिसायला लागतो.

सुरुवातीला थिएटर नव्हतंच. 7 जुलै 1896 ला सिनेमाचे फ्रेंच जनक ल्युमिएर बंधू यांच्या माणसांनी पहिला खेळ केला तो काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात, तिकीट एक रुपया. नंतर खेळ नॉव्हेल्टी नावाच्या नाटकाच्या थिएटरात गेले आणि पुढची कित्येक वर्षं हेच चालू राहिलं, म्हणजे नाटकाची जागा घ्यायची, पडदा लावायचा आणि सिनेमा दाखवायचा. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 ला गिरगावात कॉरोनेशनला लागला. मग 14 मार्च 1931 ला गिरगावातल्याच मॅजेस्टिकला 'आलम आरा', आपला पहिला बोलपट. चार आण्याचं तिकीट ब्लॅकमध्ये चार-पाच रुपयांना गेलं आणि गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले असं सांगतात. आज त्या सिनेमाची एकही प्रिंट शिल्लक नाही आणि मॅजेस्टिक पाडून तिथे शॉपिंग सेंटर उभं राहिलंय, म्हणजे सिनेमा आणि थिएटर दोन्ही आता फक्त फोटोंत उरलेत. याचं मला फार वाईट वाटतं.

बोलपट आला आणि सगळं बदललं. आवाज घुमणारे जुने हॉल चालेनात, नवे बांधावे लागले, आणि नेमकं त्याच सुमारास बॅकबेचा समुद्र भरून नवीन जमीन मिळाली आणि आर्ट डेकोची, म्हणजे भौमितिक नक्षीच्या नव्या वास्तुशैलीची, लाट आली. कुलाब्याचं रिगल 1933 चं, एअर कंडिशन आणि तळघरात पार्किंग, त्या काळात! चर्चगेटसमोरचं इरॉस आणि धोबीतलावचं मेट्रो दोन्ही 1938 ची, मेट्रो तर थेट हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीने बांधलेलं. रिगलच्या आत सूर्यकिरणांची नक्षी फिक्या नारिंगी आणि हिरव्या रंगात होती, पण आपल्याकडे आलेले फोटो ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे ती सगळी रंगसंगती फोटोत राखाडी होऊन बसलीये. हे कायम लक्षात ठेवा, ही थिएटरं कधीच राखाडी नव्हती.

आता फोटो वाचायचा कसा ते सांगतो. आधी रस्ता बघा. रस्त्यात ट्राम दिसली तर फोटो 1964 च्या आधीचा, कारण मुंबईची ट्राम 31 मार्च 1964 ला बंद झाली. मग दर्शनी भागावरचा हाताने रंगवलेला बॅनर बघा, सिनेमाचं नाव वाचता आलं की साल मिळालंच, फक्त सिनेमाने सिल्व्हर ज्युबिली केली असेल तर पंचवीस आठवडे तोच बॅनर, म्हणजे महिना नक्की सांगता येत नाही. आणि आतला फोटो मिळाला, पाठीमागच्या भिंतीत वर प्रोजेक्टरच्या छोट्या चौकोनी खिडक्या दिसल्या, तर तिथे थांबा. त्या एवढ्याशा का? तर जुनी फिल्म नायट्रेटची, एकदा पेटली की विझवता यायची नाही, आणि शेजारी कार्बन आर्कचा, म्हणजे प्रोजेक्टरच्या दिव्याचा, जाळ. म्हणून ऑपरेटरची केबिन आग न लागणारी हवी आणि आग लागलीच तर खिडकीवर पटकन झडप पडायला हवी, अशी काळजी घ्यावी लागायची. 1950 च्या सुमारास सहज न पेटणारी सेफ्टी फिल्म आली आणि हा धोका हळूहळू गेला. आपण खाली स्टॉलमध्ये शिट्ट्या मारत असताना वर तो माणूस त्या उकाड्यात दर दहा-वीस मिनिटांनी एका मशीनवरून दुसऱ्यावर रीळ बदलत असायचा, आणि त्याचे फोटो जवळजवळ मिळतच नाहीत.

फोटो काढले कोणी यावरही बरंच अवलंबून आहे. मोठ्या थिएटरचे बरेचसे चांगले फोटो उद्घाटनाच्या वेळी मालकांनी नाहीतर जाहिरातीसाठी काढलेले, म्हणून त्यात चकचकीत फॉयर, म्हणजे आत शिरल्यावरचं दालन, दिसतं, माणसं नाहीत. आपली माणसं जिथे खरोखर सिनेमा बघायची ती गिरगाव, लालबाग, परळ, दादरची थिएटरं. लालबागचं भारतमाता गिरणगावातलं, पाळी सुटली की कामगार तिथे मराठी सिनेमाला. 1971 ला दादरच्या कोहिनूरमध्ये दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' लागावा म्हणून शिवसेना उभी राहिली होती. इतका मोठा इतिहास, पण तिथल्या रांगांचे, डोअरकीपरचे, हाऊसफुल्लच्या बोर्डाखाली उभ्या पब्लिकचे फोटो शोधा, हाताला फार थोडे लागतात.

पुण्यात वेगळं काही नाही. मंडईजवळचं आर्यन 1915 चं, पुण्याचं सिनेमाचं पहिलं थिएटर, आता नाही. प्रभात 1934 चं, जागा किबे यांची, ती डिसेंबर 2014 ला त्यांच्याकडे परत गेली आणि नाव किबे लक्ष्मी झालं, त्यामुळे पाटी बघूनच फोटो आधीचा की नंतरचा ते कळतं.

उतरती कळा ऐंशीच्या दशकात व्हिडिओने लागली, जड करमणूक कर होताच, आणि 2001 च्या सुमारास राज्याने मल्टिप्लेक्सना करात सवलत दिली तेव्हा एक पडद्याचं थिएटर चालवणं कठीण झालं. इरॉस बरीच वर्षं बंद राहून 2024 ला आयमॅक्स म्हणून उघडलं, रिगल आणि इरॉस 2018 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतल्या परिसरात येतात, त्यांची काळजी घेतली जाईल. गिरगाव-लालबागच्या थिएटरांचं तसं नाही. त्यांचे फोटो असतील तर घरोघरीच्या अल्बममध्ये, गणपतीच्या मिरवणुकीच्या नाहीतर लग्नाच्या वरातीच्या मागे चुकून आलेले. तेव्हा घरचा जुना अल्बम काढलात तर पुढच्या माणसांबरोबर मागची इमारतही बघा, आणि ओळखलीत तर फोटोच्या पाठी पेन्सिलने थिएटरचं नाव आणि साल लिहून ठेवा.