बेसाल्टचे विदारण

ऊन, पाऊस, हवा आणि सजीव यांच्या परिणामाने खडक जागच्या जागी फुटत व कुजत जातो, त्या प्रक्रियेस विदारण म्हणतात. सुटा झालेला माल पाण्याने किंवा वाऱ्याने वाहून जाणे म्हणजे क्षरण. ते यापुढचे काम होय.

दख्खनच्या पठाराचा काळा खडक, म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनला. लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला भेगा पडल्या. विदारणाची सुरुवात याच भेगांतून होते. मातीतून झिरपताना पाण्यात कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) मिसळतो व ते सौम्य आम्ल बनते. या आम्लापुढे बेसाल्टमधील खनिजांपैकी ऑलिव्हिन सर्वांत आधी हार खाते, मग पायरॉक्सीन आणि चुनायुक्त फेल्स्पार. कॅल्शियम, मॅग्नेशियम व सोडियम विरघळून निघून जातात आणि लोह गंजून तांबूस होते. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ हे सहसा न कुजणारे खनिज जवळजवळ नसल्यामुळे, ग्रॅनाइटची उरते तशी वाळू न उरता, बहुतेक सगळ्या खडकाची अखेर चिकणमातीच होते.

भेगांनी वेगळ्या झालेल्या ठोकळ्याच्या कोपऱ्यांवर पाणी तीन बाजूंनी काम करते, त्यामुळे कोपरे आधी झिजून ठोकळा गोलसर होतो आणि कांद्यासारखे त्याचे पापुद्रे सुटू लागतात. हे गोलाभ विदारण पाहायला पठारावरच्या विहिरीइतकी चांगली जागा नाही: वर काळी माती, खाली मुरूम, मुरमात अडकलेले टणक गोटे आणि तळाशी अखंड काळा कातळ, असा सारा क्रम तिच्या एकाच कडेवर दिसतो. मुरमाच्या या थरात पाणी साठते, म्हणून शेतकऱ्याला त्याची जाडी महत्त्वाची वाटते.

याच खडकापासून पावसाच्या प्रमाणानुसार दोन अगदी वेगळ्या गोष्टी तयार होतात. कमी पावसाच्या, निचरा मंद असलेल्या पठारावर मॅग्नेशियम टिकून राहते व माँटमोरिलोनाइट हे चिकणमातीचे खनिज बनते. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी काळी कापसाची जमीन ती हीच. कोकणात आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यांवर मात्र भरपूर पाण्याने सिलिकाही धुऊन नेली, लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहिली आणि जांभा तयार झाला. पाचगणीचे टेबल लँड हा त्याचाच सपाट थर आहे. खाणीत ओला असताना जांभा सहज कापता येतो आणि हवेत वाळला की कठीण होतो, म्हणून कोकणात घरे त्याच्या चिऱ्यांनी बांधली गेली.